माळावरचं लोटांगण

उन्हाळा लागला की माझा डावा खांदा कसली तरी वाट पाहायला लागतो. दोष वयाचा नाही, मामांचा आहे. सहा वर्षं मामा माझ्या मोटारसायकलवर मागे बसले आणि सहा वर्षं त्यांनी याच खांद्यावर थापा मारल्या. एक थाप म्हणजे हळू. दोन थापा म्हणजे थांब. तीन थापा म्हणजे इंजीन बंद, तोंड बंद आणि मामा सांगेपर्यंत खाली उतरायचं नाही. चौथी थाप कधी पडली नाही. तिसरी मारून होईपर्यंत मामा स्वतःच उतरून रस्त्याकडेच्या माळावर पालथे पडलेले असायचे.

हे मामा नात्याने माझे कोणी नव्हेत. जालन्याच्या एमआयडीसीत आमची बियाण्यांची कंपनी. तिथे झाडूवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. ते मात्र मला कधी नावाने हाक मारत नसत. मी शेतकीची पदवी घेऊन आलेला, ते बारावीवर चिकटलेले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझं बारसं करून टाकलं. "ए बीएस्सी, गाडी काढ जल्दी. ऊन चढून राह्यलं." ऊन चढलं म्हणून माणसं सावलीला पळतात, आमचे मामा ऊन चढलं म्हणून घराबाहेर पडायचे. ऊन चढलं की सरडे निघतात, आणि सरडे निघाले की मामांना घरात बसवत नसे.

आमचं काम थोडक्यात सांगतो. कंपनी शेतकऱ्यांकडून बियाण्यासाठी पीक लावून घेते. त्या पिकात परक्या जातीचं एखादं झाड उगवलं तर ती भेसळ. आम्ही दोघे भोकरदन तालुक्यात गावोगाव फिरून हे प्लॉट तपासायचो. ओळीओळीने चालायचं, भेसळ मोजायची, उपटायला लावायची आणि अहवाल लिहायचा. अहवालाचं पुस्तक कार्बनचं, एका दमात तीन प्रती निघायच्या. पांढरी कंपनीची, गुलाबी शेतकऱ्याची, पिवळी आपली. खाली तीन सह्या : तपासणाऱ्याची, सोबतच्याची आणि शेतकऱ्याची. पुढे कंपनीने मोबाईलवर ॲप आणलं. मामा ॲपही भरायचे आणि पुस्तकही लिहायचे. मी कुरकुरलो की म्हणायचे, "मोबाईलात खोडलं तर डाग राहत न्हाई. माणसाच्या लिहिण्यात डाग राह्यला पाहिजे."

त्यांची नजर म्हणजे एक आश्चर्यच होतं. शेडनेटमध्ये मिरचीची हजारो झाडं एकसारखी उभी असायची. मामा दारातूनच सांगायचे, "चौथी ओळ, मधात, एक." मी जाऊन पाहायचो, तर खरंच एका झाडाचं पान बोटभर रुंद. माझी पदवी त्या पानापुढे मान खाली घालून उभी राहायची. हे कसं जमतं म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तू भेसळ हुडकून राह्यला, म्हणून ती तुला सापडत न्हाई. बराबर झाड कसं असतं ते बघत जा. शंभर बघ, दोनशे बघ. डोळ्याला बराबरची सवय लागली ना, मंग जे बराबर न्हाई ते आपोआप टोचतं."

माळावरही त्यांचा हाच कायदा होता. सरडा शोधायचा नाही, नुसते दगड बघत जायचे. मी दोन महिने प्रामाणिकपणे दगड बघितले आणि मला दोन महिने दगडच दिसले. मामा बोट न दाखवता उभे राहायचे. बोट दाखवलं की डोळा आळशी होतो, असं त्यांचं म्हणणं. मग एका दुपारी पिंपळगाव रेणुकाईच्या रस्त्याला, भुकेने माझा जीव कासावीस झालेला असताना, एका दगडाचं टोक मला जरा जास्तच टोकदार वाटलं. मी टक लावून पाहिलं तर त्या टोकाला डोळा होता.

मामा त्यांना पंखेवाले म्हणायचे. शेपटीसकट जेमतेम वीतभर लांब, रंगाने मातकट. वर्षभर त्यांच्याकडे कुत्रंही बघणार नाही. पण एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात नर एखाद्या उंच दगडावर चढतो, पुढच्या पायांवर अंग उचलतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो. निळा, काळा आणि नारिंगी. सगळा माळ भाजून करडा झालेला असतो आणि मध्येच हा एवढासा जीव पैठणीचा पदर उलगडून दाखवतो आणि लगेच मिटतो. पुन्हा उघडतो, पुन्हा मिटतो. मादी कुठेतरी खाली खड्यांत बसून हे बघत असते किंवा नसते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भूक विसरलो, हे मला कबूल केलं पाहिजे. मामा शेजारून कुजबुजले, "दिसला? मंग आता तुह्यी डिगरी पक्की झाली."

त्यांची फोटो काढायची रीत लोकांना सांगितली तर पटत नाही. कॅमेरा साधा, मुलीच्या शाळेच्या सहलीसाठी घेतलेला. कोपरांना आणि गुडघ्यांना जुन्या ट्यूबचे तुकडे सुतळीने बांधायचे. अंगात तोच एक मातकट पूर्ण बाह्यांचा शर्ट. मग पालथं पडायचं आणि हातभर पुढे सरकायचं. थांबायचं. पुन्हा हातभर सरकायचं. वीस पावलांवरून दोन पावलांवर यायला तासभर जायचा. तोंडाने बारीक आवाजात चालू असायचं, "करा, करा तुमचं काम. आम्ही आलोच न्हाई." आणि एवढं सगळं करून सरड्याने पंखा मिटला नि यांच्याकडे वळून पाहिलं, तर मामा कॅमेरा खाली ठेवायचे. फोटो न काढता सरपटत मागे यायचे.

"अहो, आता काढायचा ना! एवढा जवळ होता." मी बाभळीखालून चिडून म्हणायचो.

"तो माह्याकडं बघून राह्यला होता. मंग तो त्याचा फोटो न्हाई, त्याला वाटलेल्या भ्यावाचा फोटो झाला. त्यात भेसळ हाय."

मामांना मोटारसायकल येत नव्हती, आणि त्यांनी ती मुद्दाम शिकली नव्हती. चालवणाऱ्याला फक्त रस्ता दिसतो, हे त्याचं कारण. त्यामुळे सुटीच्या रविवारीही सारथी मीच. जालन्यातच मस्तगडला त्यांच्या घराखाली जाऊन हॉर्न वाजवायचा, की वरून मामी डबा खाली सोडायच्या आणि सोबत एक वाक्यही सोडायच्या, "जा बाबा, घेऊन जा तुह्या मामाला. त्यांची सासरवाडी माळावर हाय, इथं न्हाई." माझी बायको तर स्पष्टच विचारायची, तुमचं लग्न नेमकं कोणाशी झालंय?

मामांना खोटं बोलता येत नव्हतं. ही स्तुती नाही, तक्रार आहे. एका गावच्या सरपंचाचा काकडीचा प्लॉट होता. त्याने आम्हाला मानाने घरी जेवू घातलं. ठेचा, बाजरीची भाकर, वर आग्रह. मामा बोटं चाटून जेवले, सरपंचाच्या बायकोच्या हाताची तारीफ केली, हात धुतले आणि प्लॉटवर जाऊन तो नापास केला. सरपंच लालबुंद झाला. मामा शांतपणे गुलाबी प्रत त्याच्या हातात देत म्हणाले, "जेवण एक नंबर होतं. प्लॉट न्हाई." हा सरपंच लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

घरीही हीच गत. त्यांच्या बैठकीत सोफ्याच्या वर एका पंखेवाल्याचा फोटो मोठा करून लावलेला होता. मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा मामींनी त्याच्यावर शहाणपणाने एक कॅलेंडर लटकवलं. मामांनी चहाच्या आधीच ते काढलं. "झाकून कशाला? झाकायसारखं काय हाय त्यात?" मुलाची आई बराच वेळ फोटोकडे कौतुकाने बघत होती. म्हणाली, "किती सुंदर पक्षी हो! कोणता हा?" मामी घाईघाईने म्हणाल्या, "मोराच्याच जातीतला हाय." आणि मामा म्हणाले, "पक्षी न्हाई, सरडा हाय तो." त्या बाईंचा चहा अर्धा राहिला. सोयरीक काही जुळली नाही. मामी महिनाभर एकच वाक्य बोलत होत्या, "पक्षी म्हणलं असतं तर जीभ झडली असती का?" मुलीचं पुढे चांगलं झालं. दुसरा मुलगा आला, त्याने फोटो पाहून स्वतःच विचारलं की हा सरडा कुठे दिसतो. पण तो मुलगा यायच्या आधीचे सहा महिने मामा घरात चोरासारखे वावरत होते, आणि तरीही त्यांना आपण चुकलो असं वाटलं नव्हतं.

आता त्या माळाबद्दल सांगतो. सरपंचाच्याच गावचं गायरान होतं ते. मुरमाड जमीन, कुसळी गवत, मधोमध एक बाभूळ आणि गुडघाभर उंचीचा एक काळा उभा दगड. त्या दगडावर एक नर बसायचा. मामांनी त्याच्यावर, मी यायच्या आधीपासूनचे धरून, नऊ उन्हाळे घालवले होते. नर बदलले असतील, दगड तोच. आजूबाजूला आणखी सहा नर आणि अकरा माद्या. हा हिशेब मामांचा, दर रविवारी मोजलेला. जिल्ह्यात इतके पंखेवाले एका जागी त्यांना दुसरीकडे कुठे दिसले नव्हते. त्या माळाबद्दल ते असे बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस आपल्या माहेराबद्दल बोलतोय.

तिथे एक म्हातारी गावाच्या शेळ्या चारायची. सगळे तिला आजी म्हणायचे. तोंडाने फटकळ, कमरेत वाकलेली, गालात कायम तंबाखू. मामा उन्हात सरपटत असताना ती माझ्याशेजारी बाभळीखाली येऊन बसायची. एका रविवारी तिने विचारलं, "बापू, तुमचे साहेब दर हप्त्याला त्या धोंड्याला लोटांगण कामून घालून राह्यले?"

लांबून तसंच दिसत होतं खरं. हात पुढे केलेले, अंग जमिनीला टेकलेलं, समोर दगड. कॅमेरा तळहातात लपलेला आणि सरडा तर इथून दिसतच नव्हता. मला ऊन लागलेलं, कंटाळा आलेला. मी गंमत म्हणून म्हणालो, "नवस आहे त्यांचा, आजी. कोणाला सांगायचं नाही."

आजीने एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला थुंकून म्हणाली, "बरं." मी ते विसरूनही गेलो.

पुढचे तीन रविवार मामी मामांना घेऊन मुलीकडे गेल्या होत्या. चौथ्या रविवारी आम्ही माळावर पोचलो आणि मामांनी माझ्या खांद्यावर एकही थाप मारली नाही. गाडी मीच थांबवली. काळा दगड आता काळा नव्हता. वरपासून खालपर्यंत शेंदूर, त्यावर चांदीचे दोन डोळे, बाजूला काठीला लाल निशाण, पुढ्यात नारळाच्या करवंट्या आणि उदबत्त्यांच्या काड्या.

"हे कोणी केलं?" मामा म्हणाले. मी गाडीचा आरसा पुसत राहिलो.

दगडावरचा नर वीस पावलं पलीकडच्या एका बुटक्या दगडावर जाऊन बसला होता. खोबऱ्याच्या वासाने मुंग्यांची रांग लागली होती, त्यामुळे त्याचं जेवणाचं बरं चाललं होतं. मामा सवयीने पालथे पडले आणि त्याच्याकडे सरकायला लागले. तेवढ्यात निवद घेऊन आलेल्या दोन बायका ओरडल्या, "अवं साहेब, पाय देवाकडं करून राह्यले तुम्ही!" मामा दचकून उठले, लांबून वळसा घेऊन पलीकडच्या बाजूने गेले आणि देवाकडे डोकं करून पुन्हा पालथे पडले. पुढच्या रविवारी बघतो तर त्या वळशावर पायवाट पडली होती. लोक आधी लांबून फेरी मारायचे आणि मग पाया पडायचे. मी हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला. मामा हसले नाहीत. "लोकाइला कोणीतरी फसवलंय, बीएस्सी," एवढंच म्हणाले, आणि माझं हसू रुमालातच मेलं.

मे अर्धा झाला असेल. आम्ही माळावर पोचलो तर तिथे पिवळं जेसीबी उभं, त्याच्यामागे दोन हायवा डंपर आणि पन्नासेक माणसं. रस्त्याच्या कामाला मुरूम पाहिजे होता, आणि तो या गायरानातून काढायचा ठरलं होतं. ठेकेदार हातवारे करून सांगत होता, "अरे, देव महिनाभरापूर्वी कोणाला माहीत होता का इथं? कागद झालाय आमचा!" बायका दगडाभोवती बसून होत्या. आजी शेळ्यांसकट जेसीबीच्या पुढ्यात. मध्ये तोच सरपंच, काकडीवाला. त्याने आम्हाला पाहिलं आणि सगळ्यांना हाताने गप्प केलं.

"थांबा," तो म्हणाला. "हा माणूस आला बराबर. यानं माह्या घरी जेवून माहा प्लॉट नापास केल्ता. हा काही खोटं बोलणार न्हाई." मग मामांकडे वळला. "मामा, सगळ्या गावात बोलतात की पहिलं लोटांगण तुमचं. तुम्हीच सांगा. इथं देव हाय का न्हाई? तुम्ही हाव म्हणले तर मशीन माघारी. न्हाई म्हणले तर आज खोदकाम चालू."

मी मामांकडे पाहिलं. मला त्यांचं उत्तर माहीत होतं, त्यांना दुसरं उत्तर देताच येत नव्हतं. पक्षी न्हाई, सरडा हाय. आणि सरडा हाय म्हटलं तर ठेकेदार काय करणार, हेही माहीत होतं. सरड्यासाठी कोणी जेसीबी वळवत नाही. मामांचे ओठ हलले. बुटक्या दगडावर त्या गर्दीतही नर बसला होता आणि त्याचं चालूच होतं. उघड, मीट. उघड, मीट. मामांचा हात खिशातल्या कॅमेऱ्याकडे गेला आणि परत आला.

मग त्यांनी चपला काढल्या. ट्यूबचे तुकडे बांधले नाहीत. तापलेल्या मुरमावर गुडघे टेकले, हात जोडले आणि शेंदूर फासलेल्या दगडापुढे साष्टांग पडले. कपाळ जमिनीला लावलं. बोलले एक अक्षर नाही.

सरपंचाने टोपी काढली. ठेकेदार काहीतरी पुटपुटला, हाताने इशारा केला आणि जेसीबी आवाज करत मागे वळलं. आजीने नारळ फोडला आणि पहिला तुकडा मामांच्या हातावर ठेवला. मामांनी तो खाल्ला. त्यांच्या कपाळाला मुरूम चिकटला होता आणि कोपरं सोलली होती. मी त्या माणसाला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. लोकांना वाटलं, भक्तीने भरून आलं.

परत निघालो. गाव मागे पडल्यावर खांद्यावर दोन थापा पडल्या. मामा उतरले, रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसले आणि पिशवीतून अहवालाचं पुस्तक काढलं. मी वाकून पाहिलं. पीक : पंखेवाले. ठिकाण : गायरान. नर सात, माद्या अकरा. पुढचा रकाना भेसळीचा. तिथे पेन थांबलं.

"त्या म्हातारीनं हातावर नारळ ठेवला," मामा म्हणाले. "देव समजून पूजा करून राह्यली ती. आणि म्या तिच्यापुढं खोटं लोटांगण घातलं. गरिबाच्या श्रद्धेत भेसळ केली म्या."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. नवसाची थाप मी मारली होती, हे मी सांगून टाकलं. सगळं, रुमालासकट. मला वाटलं, आता हा माणूस इथून चालत जालन्याला जाईल. त्यांनी रकान्यात लिहिलं, 'दोन.'

"एक तू, एक मी. कर सही."

त्यांच्या सहीखाली मी सही केली. शेतकऱ्याच्या सहीची जागा रिकामी होती. मी विचारलं तर म्हणाले, "शेतकरी हजर नव्हता." मग मला गाडी माघारी घ्यायला लावली. माळावर आता कोणी नव्हतं. मामांनी गुलाबी प्रत चार घड्या घालून देवाच्या दगडाखाली, खोबणीत सरकवली. बाजूच्या दगडावरच्या नराला म्हणाले, "ही तुमची प्रत."

त्या दिवसानंतर मामांनी त्या माळावर कॅमेरा नेला नाही. दुसऱ्या माळांवर काढायचे फोटो, पण इथे नाही. गेले तरी हात मागे बांधून उभे राहायचे. मी खूप समजावलं. माळ वाचला ना? सरडे वाचले ना? ते म्हणायचे, "वाचले ते बरंच झालं. पण खोटं बोलून राखलेल्या जागेत मी फोटो काढू, हे बराबर न्हाई." पुढे ते निवृत्त झाले. मामींना वाटलं, आता तरी घरी बसतील. बसले खरे, पण एप्रिल लागला की गच्चीवर जाऊन उगाच कुंड्यांमधले दगड हलवत राहायचे. मामींनी मला फोन करून हे सांगितलं, तेव्हा त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

यंदाच्या एप्रिलमध्ये मी एकटाच त्या बाजूला प्लॉट तपासायला गेलो होतो. खांदा वाट पाहत होताच, म्हणून गाडी माळाकडे वळवली. देवाला आता पत्र्याची छोटी शेड झाली होती. बाभळीखाली आजी होती, आणखी वाकलेली. मला ओळखून तिने कमरेची पिशवी सोडली, तंबाखूच्या पुडीखालून एक कागद काढला. गुलाबी, घड्यांवर फाटलेला.

"बापू, ह्ये देवाखाली सापडल्तं. कोणाला दाखवलं न्हाई. काय लिव्हलंय वाच बरं."

मी अडकलो. एकदा वाटलं, देवाचा मंत्र आहे म्हणून सांगावं. पण त्या कागदावर माझी सही होती. मी सगळं वाचून दाखवलं. पंखेवाले म्हणजे काय तेही सांगितलं. नर सात, माद्या अकरा, भेसळ दोन. आणि मग नवसाची थाप कोणाची तेही सांगितलं, आणि मामा त्या दिवशी का रडले तेही.

आजी शेळीच्या पाठीवरचं गोचीड काढत ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मला ठाव होतं."

"काय ठाव होतं?"

"सरडा ठाव होता. तू बोलला नवस, म्या म्हणलं बघावं तरी. तुम्ही गेल्यावर म्या बी पालथं पडून पाह्यलं. समोर हा रंगीत गळ्याचा बसलेला. चांगला होता की दिसायला."

"मग शेंदूर कोणी लावला?"

"म्या. दुसरं कोण लावणार?" आजीने मी अगदीच मठ्ठ असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "मुरमाचं बोलणं गावात तवाच चालू झाल्तं. सगळं खोदून नेलं तर माह्या शेळ्या कुठं चरतील, तुह्या बीएस्सीत?"

मी खालीच बसलो. "आणि सरपंच?"

"त्याच्या बी चार शेळ्या माह्याकडंच हायत. ठेकेदाराला न्हाई म्हणायला त्याला काहीतरी पाहिजे होतं. तुमचे साहेब पडले बिचारे भोळे." मग म्हणाली, "रडले म्हणतो? त्या नारळापायी? अरे देवा. सांग त्याइला, म्या काही फसले न्हाई म्हणून. आन् ते दोन लिव्हलंय ना, ते तीन कर."

मी खिशातलं पेन काढलं, दोन खोडून तीन केलं. डाग राहिला. आजी उठली, शेडपर्यंत गेली, देवाच्या अंगावरचा शेंदूर अंगठ्याला लावला आणि कोणी न सांगता बरोबर शेतकऱ्याच्या सहीच्या रिकाम्या जागेवर अंगठा उठवला. कागद पुन्हा चार घड्यांत मिटून तिने तंबाखूच्या पुडीखाली ठेवला. प्रत तिचीच होती.

तिथूनच मी मामांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"बीएस्सी," मामा म्हणाले, "तिन्ही सह्या झाल्या म्हणतो?"

"झाल्या."

"मंग रविवारी ये. जल्दी ये, ऊन चढायच्या आत." मागे मामींचा काहीतरी आवाज आला. मग मामा फोनपासून तोंड फिरवून त्यांना विचारत असलेलं मला ऐकू आलं, "माह्ये ट्यूबचे तुकडे कुठं ठेवले गं?"

रविवारी मामा मागे बसले. पिंपळगावचा रस्ता सुटून गाडी माळाकडे वळली आणि माझ्या डाव्या खांद्यावर तीन थापा पडल्या.